रोबोटच्या मयताला नाना

आमचे नाना मयत चुकवत नाहीत. ओळखीचं असो नसो, आमच्या भागात नारपोलीपासून शेलारपर्यंत कुठेही कुणी गेलं की पांढरा लेंगा आणि टोपी चढवून नाना हजर. घरच्यांशेजारी मांडी घालून बसायचं, हात हातात घ्यायचा आणि गप्प. मग हळूच, "कवरं वय व्हतं?" एकदा चुकून साखरपुड्याच्या मांडवात शिरले आणि नवरीच्या बापाचा हात धरून बसले. बिचारा बाप खरंच रडायला लागला!

हे माझे सख्खे काका. त्यांच्या कापड विणायच्या, आता बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये आम्ही कॉलेजच्या चौघांनी लढाऊ रोबोट बनवला होता. असा रोबोट पिंजऱ्यात सोडायचा, रिमोटने चालवायचा आणि समोरच्याच्या रोबोटचा चुराडा करायचा. दोनदा हरलं की बाद. स्पर्धा शेलारजवळच्या एका रिकाम्या गोदामात होती. आमचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, म्हणजे ही शेवटची संधी. सामान न्यायला टेम्पो नानांचा, त्यामुळे नानाही आले. मी बजावलं, "आमच्या टेबलापाशी बसायचं. कुठे जायचं नाही."

"न्हाय जात गो बाय."

पहिल्याच लढतीत सांगलीच्या पोरांचा रोबोट पेटला. धूर, जळका वास, पोरं तोंडं पाडून खाली बसलेली. बघते तर नाना त्यांच्यात! एकाचा हात हातात.

"कवऱ्या वर्षांचा व्हता?"

"आजोबा, परवाच तयार झाला."

"अरारारा! तान्हाच की."

मग काय, जो हरेल त्याच्याकडे नाना. एका हिंदी बोलणाऱ्या टीमला विचारतात, "तकलीफ जास्ती हुआ क्या?"

"अंकल, मोटर जाम हो गया था."

"हां. हमारे साडू का भी वैसाच हुआ था."

लोक मोबाइलवर शूटिंग करत होते. कुणीतरी विचारलं, "ए, हे अंकल कुणाचे?" मी खाली वाकून आधीच घट्ट असलेला स्क्रू पुन्हा घट्ट करत बसले. आमच्या टीममधली सायली म्हणाली, "जा गं, तुझे काका आणखी एका मयताला बसलेत." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला.

तरी आम्ही जिंकत गेलो. सेमीफायनलही जिंकलो, पण समोरच्याचं पातं आमच्या बॅटरीत घुसलं. हरकत नव्हती, जादा बॅटरी होती. मी डबा उघडला. रिकामा.

"नाना, इथली बॅटरी?"

"ती व्हय? सांगलीच्या पोरांना दिली. त्यांची जळाली ना? त्यांना अजून एक लढत खेळायची व्हती. सुतकाच्या घरी चूल पेटत न्हाय बाय, शेजाऱ्यानं डबा नेऊन द्यायचा असतो."

त्या पोरांच्या दुसऱ्या लढतीत तीही बॅटरी खलास झाली होती. माझं डोकंच फिरलं.

"लोकांची मेलेली माणसं कमी पडली म्हणून आता लोखंडाच्या मागे लागलात? सकाळपासून माझी इज्जत काढताय! आलात कशाला तुम्ही?"

सगळं गोदाम बघायला लागलं. नानांनी टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि बाहेर निघून गेले.

आम्ही टेबलाटेबलावर जाऊन बॅटरी मागितली. आमच्या मापाची कुणाकडेच नव्हती. शेवटी सायली म्हणाली, "आता राहू दे. आधी काकांना बघ." नाना टेम्पोच्या सावलीत बसले होते. माफी मागायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच बोलले.

"माझं चुकलं. पण राहवत न्हाय गो. तुझी काकी गेली तवा करोनाचं चालू व्हतं, रस्ते बंद. मी दार उघडं ठेवून बसलेलो. ओटीवर चटई अंथरलेली. वाटायचं, एखादा तरी येल. कुणाची चूक न्हाय, कसं येणार? पण माझ्या बाजूला कुणी बसलं न्हाय बाय."

हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाही. पण नाना मयतांना जायला लागले ते काकी गेल्यानंतरच, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सकाळपासून मला नानांची लाज वाटत होती. आता स्वतःची वाटायला लागली, आणि ती फार वाईट होती.

आतून लाउडस्पीकरवर फायनलसाठी आमच्या टीमचं नाव पुकारलं गेलं.

"जा, तुझं बोलावणं हाय."

"बॅटरीच नाही, जाऊन काय करू?" मी त्यांच्या शेजारी खाली बसले. पुन्हा एकदा नाव पुकारलं. मग टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. समोरच्या टीमला न लढताच विजयी जाहीर केलं होतं. ऐकताना वाईट वाटलं मला, नाही कशाला म्हणू?

मी म्हटलं, "नाना, काकीचं सांगा ना काहीतरी."

"काय सांगू?"

"काहीही."

नानांनी खिशातून रुमाल काढला. मग म्हणाले, "तिला हसू आवरायचं न्हाय. तुझ्या आजाच्या मयताला पण हसली व्हती." आणि तोंडावर रुमाल धरून ते हमसून रडायला लागले.