चौकटीतली दुसरी व्यक्ती

कुंदनची ही सातवी कंपनी, आणि या कंपनीचा हा चौथा राऊंड. मोबाईलची अ‍ॅप बनवणाऱ्या माणसाला कंपन्या इतक्या वेळा का तपासतात, हे विचारायचंही त्यानं आता सोडून दिलं होतं. पहिल्या मुलाखतीसाठी त्यानं नवा शर्ट घेतला होता. सातव्या कंपनीपर्यंत त्याची कॉलर विटली होती आणि खाली पँट घालण्याचा उत्साहही संपला होता. वडिलांनी, हेमकांतभाऊंनी, निर्वाणीचं सांगितलं होतं. ही नोकरी गेली, तर एक तारखेपासून नवापूरला मामाच्या पोल्ट्रीवर. कोंबड्यांशी कुंदनचं वैर नव्हतं, पण तीन वर्षं अ‍ॅप शिकून शेवटी त्यांना पाणी पाजायचं, या विचारानं त्याला झोप येत नसे.

या राऊंडची ऑनलाइन परीक्षा नेमकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आली. त्या दिवशी सारंगखेड्यात घरोघरी पितर जेवायला येतात, याची पुण्याच्या कंपनीला खबर नव्हती. पुढच्या खोलीत भिंतीशी पाण्यानं भरलेली घागर, तिच्यावर खरबूज आणि शेजारी पाटावर आजोबांचा, सुपडूआबांचा, हार घातलेला मोठा फोटो होता. पांढरी टोपी, भरघोस मिशा, रोखून पाहणारे डोळे. वाय-फाय त्याच खोलीत चाले. खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा दिसे, म्हणून आबांकडे पाठ करून बसण्यावाचून इलाज नव्हता.

अकरा वाजता पडद्यावर सूचना आली, ‘कॅमेऱ्याकडे पाहा, ओळखीसाठी फोटो घेत आहोत.’ तेवढ्यात चार्जरची पिन निसटली. ती बसवायला कुंदन टेबलाखाली वाकला आणि वर ‘टिंग’ असा आवाज झाला. उठून पाहतो तर ‘ओळख नोंदवली.’ चला, एक तरी काम विनासायास झालं, असं त्याला वाटलं.

पुढच्या क्षणी पडदा लाल झाला. ‘चौकटीत दुसरी व्यक्ती आहे. तिने बाहेर जावे.’

कुंदननं मागं पाहिलं. आबा त्याच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये पाहत होते.

“दादा, आबास्ना फोटो जरासा बाजूले ठेवू का?” त्यानं वडिलांना विचारलं.

“आज आबा घर येल शेत,” हेमकांतभाऊ म्हणाले. “आगारी पडस तोवर फोटोले हात लावाना नही.”

आगारी म्हणजे पितरांच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकायचा. त्याला अजून तासभर होता, कारण आईच्या सांजोऱ्या तळून व्हायच्या होत्या. परीक्षा सुरू करायला उरली होती दहा मिनिटं.

कुंदननं टॉवेल उचलला. तेवढ्यात झारा घेऊन आई, दगूबाई, दारात आली.

“आबास्ना तोंडवर टावेल? एकदाव झाकं ते पुरे नही का व्हयनं?”

टॉवेल खाली आला. कुंदननं कंपनीतल्या रुचिका मॅडमना फोन लावला.

“सर, तुमच्या मागं बसलेल्या काकांना बाहेर जायला सांगा ना.”

“मॅडम, तो माझ्या आजोबांचा फोटो आहे. ते वारले.”

“मग काढून ठेवा.”

“काढता येत नाही. ते आजच आलेत.”

मॅडमही सकाळपासून अशा उमेदवारांशी बोलून दमल्या असाव्यात. “सर, जमेल तसं करा,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

हेमकांतभाऊ मात्र लाल पडद्यापुढे हात जोडून उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते. “ऐकस का? मशीनले बी दिसी ऱ्हायनात आबा!”

शेवटी कुंदननं खुर्ची अशी सरकवली, की त्याच्या डोक्याआड आबा झाकले जातील. पडद्यावरचा लाल रंग गेला आणि परीक्षा सुरू झाली. दीड तास मान न हलवता बसायचं होतं. पण टाईप करायला वाकला की आबा दिसत, घाम पुसला की आबा दिसत. एसटीच्या तिकिटाचं अ‍ॅप का अडकतं, ते शोधायचं होतं. त्यानं ते शोधलं, दुरुस्तही केलं. मग आगारीचा धूर खोलीत भरला आणि तो खोकत राहिला. परीक्षा संपली तेव्हा मान आखडली होती आणि नोकरी गेली याची खात्री झाली होती. संध्याकाळी मामानं फोन करून गमबुटाचं माप विचारलं.

दोन दिवसांनी रुचिका मॅडमचा फोन आला.

“अभिनंदन सर! उत्तरं बरोबर आहेत. आणि वागणुकीत शंभरपैकी शंभर. उमेदवार दीड तास जागचा हलला नाही, नजर सतत पडद्यावर होती, असा रिपोर्ट आहे.”

कुंदननं विचारलं, “मी?”

“हो. फक्त एक तक्रार आहे. एक तरुण मुलगा सारखा तुमच्या पुढे येत होता. घाम पुसत होता, खोकत होता. एक्केचाळीस वेळा.”

कुंदन हळूच म्हणाला, “मॅडम, तो मुलगा म्हणजे मी.”

“सर, नोंदवलेला चेहरा टोपीवाल्यांचा आहे.” मॅडमनी उसासा टाकला. “मला कळतंय. पण चेहरा बदलायचा तर पहिल्या राऊंडपासून सगळं पुन्हा. नाहीतर गुरुवारी तीनला शेवटचा राऊंड आहे. आधी मशीन चेहरा जुळवेल, मग साहेब बोलतील. काय करू?”

कुंदनला पहिला राऊंड आठवला, दुसरा आठवला, तिसरा आठवायच्या आतच तो म्हणाला, “गुरुवारीच ठेवा. तो मुलगा येणार नाही.”

“काय व्हयनं?” हेमकांतभाऊंनी घाईनं विचारलं. “लागनी का नोकरी?”

“आबास्ले लागी ऱ्हायनी.”

गुरुवारी पावणेतीनला हेमकांतभाऊंनी ट्रंकेतून आबांची टोपी काढली आणि झटकून कुंदनच्या डोक्यावर ठेवली. दगूबाईनं काजळानं मिशा काढल्या, एक बाजू जरा जाड झाली म्हणून दुसरीही जाड केली. आरशात पाहून कुंदनला रडावं की हसावं ते कळेना, इतका तो आबांसारखा दिसत होता.

“हालू नको,” हेमकांतभाऊ दारामागून कुजबुजले. “आबा हालनात का कधी?”

कुंदन हलला नाही. त्यानं रोखून पाहिलं. पडदा हिरवा झाला, ‘ओळख पटली. स्वागत आहे.’

सात कंपन्यांत असं पहिल्यांदाच घडलं होतं. मग समोर साहेब आले. त्यांनी टोपी पाहिली, मिशा पाहिल्या, कागद चाळले आणि अदबीनं म्हणाले, “बसा, बसा. या वयात तुम्हाला हे मोबाईलचं कसं काय सुचलं?”