रिकामी पाटी परत जायची नाही

शिवबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस मोबाईलकडे बघायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मग माझी ज्वारी कोण काढणार?"

डॉक्टर म्हणाले, "शेतावर गडी असेल की एखादा."

"शेत कुटलं आलंय, डॉक्टर? मोबाईलातली ज्वारी म्हणते मी!"

'हिरवं शिवार' नावाच्या ऑनलाइन खेळात शिवबाईंचं शेत होतं आणि बांधाला लागून विहीणबाई गुरम्मांचं. गुरम्मा राहायच्या अक्कलकोटला. शिवबाईंची लेक श्रीदेवी त्यांची सून. तिला सातवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, सोलापुरात व्हावं म्हणून शिवबाईंचा जीव टांगणीला लागला होता. गुरम्मा हो म्हणेनात, नाही म्हणेनात. त्यांना खूश ठेवायला शिवबाई तीन महिने खेळातल्या बांधावरून रोज पाटी भरून लाडूबिडू पाठवत होत्या. तिकडून पाटी आली तर तीही कधी रिकामी परत गेली नव्हती.

"प्रभु, आठ दिवस तू खेळ," त्या मुलाला म्हणाल्या. "पाटी चुकली तर तुझी बहीण तितंच राहती बघ."

प्रभु अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माल पाठवायचं काम बघायचा. कामाच्या वेळी तो मोबाईलवर ज्वारी काढत बसला असता, तर मालकाने त्यालाच टॉवेलात गुंडाळून पाठवून दिलं असतं. म्हणून त्याने घरच्या कॉम्प्युटरवर एक बॉट लिहिला. माणसाच्या जागी बसून स्वतःच खेळणारा प्रोग्राम.

पहिल्या दिवशी नियम साधा होता. दहा पावलांत दिसेल त्या वस्तूला हात लाव. संध्याकाळी येऊन बघतो तर बॉटने शिवारातले सगळे धोंडे कोठारात भरले होते, बुजगावण्याला चारशे वेळा पाणी पाजलं होतं आणि बांध ओलांडून तो गुरम्मांच्या शेळीची धार काढायला गेला होता. ती शेळी नव्हती. बोकड होता.

"झाली का रं ज्वारी काढून?" काळा चष्मा लावून कॉटवर बसलेल्या आईने विचारलं.

"व्हय की. होतच आली."

बॉटला फिल्टर लावायला हवा होता. कशाला हात लावायचा, कशाला नाही, हे सांगणारी चाळण. खेळातल्या प्रत्येक वस्तूला नाव असतं, मालक असतो. प्रभुने लिहिलं, मालक आपण असू तरच हात लाव.

दुसऱ्या दिवशी ज्वारी निघाली, बोकड सुटला. पण गुरम्मांनी पाठवलेल्या पाट्यांचा मालक म्हणून नाव गुरम्मांचं. बॉटने त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. सात पाट्या बांधावर उन्हात पडून राहिल्या. श्रीदेवीचा फोन आला.

"दादा, पाट्या का घेईनास? अत्ती सकाळपासून माझ्याशी बोलंनात. 'माझ्या पाटीला शिवत न्हाईत, त्यांच्या घरी मी सून का धाडू?' म्हनल्या."

प्रभुने घाईघाईने नवा नियम घातला. पाटी कुणाचीही असो, उचल आणि भरून परत कर. भरायचं काय? इथे त्याचा कारखान्याचा हात चालला. तिथे ज्या रंगाचे टॉवेल ढिगाने पडलेले, ते आधी गाडीत जायचे. त्याने लिहिलं, कोठारात जे सगळ्यात जास्त असेल ते भर.

कोठारात सगळ्यात जास्त शेणखत होतं.

गुरम्माही पाटी रिकामी परत करणाऱ्या नव्हत्या. तिकडून शेंगापोळी आली की इकडून शेणखत. पुन्हा शेंगापोळी, पुन्हा शेणखत. एकेचाळीस वेळा!

"काय धाडलंस विहीणबाईस्नी?" आईने विचारलं.

"घरचंच की, आई."

त्याने फिल्टर बदलला. फक्त खायची वस्तू भर. चौथ्या दिवशी बॉटने खायची वस्तू शोधली आणि म्हशीची पेंड साठ पाट्या भरून पोचवली. पाचव्या दिवशी प्रभुने बॉटच बंद करून टाकला. संध्याकाळी गुरम्मांचा फोन आला. आईला मोबाईल बघायची बंदी म्हणून त्यालाच तो स्पीकरवर लावावा लागला.

"अक्का, परवा तुमी मला एकेचाळीस पाट्या शेणखत धाडलं."

शिवबाईंचा काळा चष्मा सावकाश प्रभुकडे वळला.

"काल साठ पाट्या पेंड."

"अवं विहीणबाई, पोरानं..."

"ऐका की आधी! मी लगीन होऊन आल्यापासून जो येतो तो लाडूच घेऊन येतोय. खाऊन खाऊन शुगर झाली मला. रानाला काय लागतंय, जनावराला काय लागतंय, इचारलं का कुणी? शेणखत टाकलं आन खेळात माझं शिवार पहिलं आलं! माझी म्हैस बघा, कशी तुकतुकीत झाली. आन आज एकदम बंद का केलं?"

"तर वो!" शिवबाई खाकरल्या. "मीच म्हनलं प्रभुला, लाडू कशाला?"

"पर तुमचा डोळा बांधलेला. मग दिवसभर राबतंय कोण तितं?"

प्रभुला राहवेना. "बॉट हाय, मावशी. माणूस न्हाय. प्रोग्राम हाय. जेवत न्हाय, बसत न्हाय, सुट्टी मागत न्हाय."

पलीकडे गुरम्मांनी कुणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितलं.

"त्याला हिकडं धाडा."

"आन श्रीदेवी?" शिवबाईंनी लगेच विचारलं.

"रविवारी न्या की. पर गडी आधी आला पायजे."

शुक्रवारी सुट्टी टाकून प्रभु अक्कलकोटला गेला आणि श्रीदेवीच्या नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर बॉट बसवून आला. रविवारी दुपारी घरासमोर जीप थांबली. श्रीदेवी उतरली. शिवबाईंनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, भाकरतुकडा ओवाळून टाकला. पाठोपाठ जीपमधून दोन बॅगा उतरल्या, एक वळकटी उतरली आणि शेवटी गुरम्मा उतरल्या.

"तुमचा गडी लई गुणाचा, अक्का," त्या पंख्याखाली बसत म्हणाल्या. "मला हात लावायला काम ठेवलं न्हाय त्यानं. तितं नुसतं बसून काय करू? म्हनलं, बाळंतपण होईस्तवर सूनबाईजवळच राहावं."

"बरं झालं की!" शिवबाई म्हणाल्या. चहा ठेवायच्या निमित्ताने त्या प्रभुचा दंड धरून त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"प्रभ्या, तिकडचा तो गडी हितनं बिघडवता येतो का रं?"