उमेंद्रच्या बुद्धीचा आकडा

एम. ए.च्या प्रॅक्टिकलसाठी दुर्गेश्वरीने नवऱ्याचीच बुद्धी मोजली, हे कानावर आले तेव्हा सासू शांतीबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप हातातच राहिले.

"उमेंद्रची? काऊन? त्यानं काय केलं?"

"काही नाही केलं, आई. एक लहान पोरगा अन् एक मोठा मानूस तपासून आना म्हनून कॉलेजात सांगितलं आहे."

"मोठा मानूस म्हनून माहाच पोरगा दिसला तुले? अवो, खळ्यावर धान मोजतानी पयल्या मापाले आमी एक नाई म्हनत, लाभ म्हनतो. मोजली का वस्तू घटते. अन् तू त्याचं डोकंच मोजून बसली!"

पूर्वी या भागात माणसाची अक्कल धानाच्या पुंजण्यावरून, म्हणजे शेतात रचलेल्या गंजीवरून, ठरायची. अवकाळी पाऊस आला आणि रचलेले पुंजणे आतून कोरडे राहिले, तर माणूस हुशार. भिजले, तर बिनडोक. लग्नाच्या मुलीला पाहुण्यांसमोर पापड भाजायला लावत आणि तो करपला नाही की तिचीही परीक्षा आटोपे. आकडा कोणी मागत नसे आणि त्यावाचून कोणाचा संसार अडल्याचे ऐकिवात नाही.

खरा घोळ मात्र गुड्डूपासून सुरू झाला होता. गुड्डू हा शेजारच्या शकुंतलाबाईंचा नातू. लहान मुलगा म्हणून दुर्गेश्वरीने त्याला तपासले. बिरसीच्या विमानतळावरचे शिकाऊ विमान डोक्यावर घिरट्या घालत होते, तरी पोराने मान वर न करता कॉलेजच्या पेटीतले रंगीत ठोकळे भराभर जुळवले. तो आठ वर्षांचा, पण बुद्धी दहा वर्षांच्या मुलाची निघाली. आनंदाच्या भरात दुर्गेश्वरी हे शकुंतलाबाईंना सांगून बसली. दुसऱ्या दिवशी गोंदियाला कॉलेजात तिने हे सांगताच मॅडमनी तिला फैलावर घेतले. "तुम्ही अजून विद्यार्थी आहात. तुमचा आकडा कच्चा असतो. तो कोणालाच सांगायचा नाही, ज्याची चाचणी घेतली त्यालाही नाही. पुन्हा असं झालं तर प्रॅक्टिकल रद्द."

त्यानंतर तिने उमेंद्रची चाचणी घेतली, निकाल काढला आणि तोंडाला कुलूप लावले. वाईट इतकेच झाले की शकुंतलाबाईंच्या तोंडाला ते नव्हते. बोअरिंगवर पाणी भरताना त्यांनी शांतीबाईंना गाठले.

"आमचा गुड्डू आठचा हाय, पन डोकं दहाचं. तुमचा उमेंद्र तं तीसचा. त्याचं केवढ्याचं निघालं जी?"

शांतीबाई अर्धा हंडा घेऊनच घरी परतल्या.

"सांग वो, केवढ्याचं निघालं?"

"आई, मोठ्या मानसाचं तसं वय नाही काढत. त्याचा हिशोब वेगळा असते."

"म्हनजे निघालंच नाई?"

"निघालं ना. पन सांगता येत नाही."

शांतीबाई मटकन खाली बसल्या. "इतलं वाईट हाय?"

"वाईट नाही, आई. चांगलं आहे."

"चांगलं म्हनजे? डॉक्टर बीमाराच्या घरच्याईले सांगते, तसं चांगलं?"

दुर्गेश्वरीने डोळे मिटले. मानसशास्त्राच्या पुस्तकात सासूवर एकही धडा नव्हता.

उमेंद्रला आधी या सगळ्याची गंमत वाटली. पण निकाल झाकल्याची बातमी फिरली आणि हळूहळू त्याच्या भोवतीचे गाव बदलले. पानठेल्यावर त्याला कोणीही सतरा सक किती म्हणून विचारू लागले. उत्तर बरोबर आले की बाकीचे एकमेकांकडे बघत आणि "पाठ करून आला असन," म्हणत. राइस मिलमधला मुनीम त्याच्याशी सावकाश बोलू लागला, एकेक शब्द सुटा करून. घरात शांतीबाई रोज सकाळी भिजवलेले बदाम सोलून पुढे ठेवत आणि तो ते खाईपर्यंत डोळ्यांत पाणी आणून पाहत बसत. वडील पुरनलालांनी ट्रॅक्टरची चावी आपल्या खिशात टाकली.

"बाबूजी, पंधरा वर्स झाले मी ट्रॅक्टर चालवून राहिलो!"

"हो बा, हो," पुरनलाल समजुतीने म्हणाले. "तरी."

त्या दिवशी उमेंद्र ताटावर बसला, पण त्याने घास उचलला नाही.

"खरं सांग, कमी आहे का?"

"सांगता येत नाही म्हटलं ना."

"म्हनजे कमी आहे."

"असं म्हटलं का मी?"

"जास्त असता तं डोळ्यानं तरी सांगितलं असतं."

दुर्गेश्वरीने डोळ्याने सांगायचा प्रयत्न केला. उमेंद्रने विचारले, "डोळ्यात काही गेलं का?"

एवढ्यावर भागले असते तर तिने सोसले असते. पण उमेंद्रच्या धाकट्या बहिणीची, रिंकीची, सोयरीक आमगावच्या खुशाल बिसेन यांच्या मुलाशी, भुवनेश्वरशी, जवळपास जुळली होती. फक्त साखरपुड्याची तारीख काढायची बाकी होती. रिंकीला मुलगा आवडला होता. फोन वाजला की ती अंगणातल्या चिंचेखाली जाई, ती अर्धा तास येतच नसे. आणि शकुंतलाबाईंची भाची नेमकी आमगावात राहत होती.

एका दुपारी खुशालभाऊ एकटेच आले. चहा झाला, धानाच्या भावाचे बोलणे झाले, मग त्यांनी घसा साफ केला.

"आमचं काई म्हननं नाई. पन आयकलं का घरच्या सुनेनंच उमेंद्रले मशीनवर तपासलं, अन् निकाल झाकून ठेवला."

"मशीन नाही, काका," दुर्गेश्वरी म्हणाली. "लहान लहान ठोकळे असतात."

"ठोकळ्यातच अडकला?"

"अडकला नाही हो!"

"मंग सांगाले काय होते? उद्या लेकरंबाळं होतीन. मामाचे गुन भाच्यात उतरते म्हनतात."

पुरनलालांनी आयुष्यात कधी सुनेपुढे हात जोडले नव्हते. आज जोडले. "सुनबाई, सांगून टाक मा. पोरीच्या लग्नाचा सवाल हाय. कितीका असेना, आमी आपलं म्हनू."

"सांग वो," उमेंद्रही खालमानेने म्हणाला. "माही तयारी आहे."

दुर्गेश्वरीचा संताप आता कानशिलापर्यंत आला. आकडा सांगितला तर प्रॅक्टिकल रद्द आणि वर्ष वाया. नाही सांगितला तर नणंदेचे लग्न मोडणार. बरे, सांगूनही काय? आकडा कितीही असता तरी, शंभरापैकी की दोनशेपैकी, यावर गावाने पुढचा महिना काढला असता. ती काही बोलणार इतक्यात आतल्या दारामागून रिंकीचा आवाज आला. मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू असताना मुलीने बोलणे या घरात कधी घडले नव्हते.

"वहिनी, पेटी घरातच आहे ना?"

"आहे. काऊन?"

"भुवनेश्वरचीबी मोजून घ्या. मले संसार त्याइच्यासंगं कराचा आहे, दादासंगं नाही."

शांतीबाईंनी पदर तोंडाला लावला, पण पदरामागे त्यांचा चेहरा उजळत चालला होता.

"हे तं बरोबर हाय," पुरनलाल हळूच म्हणाले.

खुशालभाऊंनी कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. तो रिकामा होता. "त्याले... सर्दी हाय."

"घाई नाही, काका," दुर्गेश्वरी म्हणाली. तिच्या आवाजात एकदम गोडवा आला होता. "आठ दिवसानं घेऊ. बरी होईन तवरी."

"ते तशी जुनीच सर्दी हाय."

"मग आज तुमचीच घेऊ? तुमी तं आलेच आहात. बापाचे गुन पोरात उतरते म्हनतात."

खुशालभाऊंनी टोपी काढली, डोके पुसले, टोपी परत घातली, जणू कोणी आत डोकावू नये. मग ते पुरनलालांकडे वळले.

"समधी, एक सांगू का? लेकीबाळीच्या कामात हे असले आकडे कायले पायजेत? आपल्या बापजाद्यानं कोनाचं डोकं मोजलं होतं? मानूस पाहाचा, घर पाहाचं, झालं. तुमचा उमेंद्र तं सोन्यासारखा पोरगा हाय, मले पयलेपासून माहीत. तारीख काढा तुमी."

तारीख निघाली. जाताना त्यांनी दुर्गेश्वरीच्या खोलीच्या बाजूने न जाता गोठ्याच्या बाजूने वळसा घेतला. पेटी त्या खोलीत होती.

साखरपुडा नीट पार पडला. भुवनेश्वर अंगठी घालताना रिंकीकडे कमी आणि दुर्गेश्वरीकडे जास्त पाहत होता. ती जवळ आली की तो सरसावून बसे आणि कोणी न विचारताच आपण बारावीला फर्स्ट क्लास होतो असे सांगे.

चार दिवसांनी रिंकी फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. हसू आवरत तिने तो वहिनीपुढे धरला. भुवनेश्वरचा निरोप होता. वहिनींना विचारून सांग, लग्नाआधी परीक्षा घेतली तर पाढे कुठपर्यंत विचारतील?

दुर्गेश्वरीने कपाळाला हात लावला. "अवो, त्या चाचणीत पाढे नसतातच!"

पण रिंकीने लिहूनही टाकले होते, तीसपर्यंत. पलीकडून लगेच उत्तर आले, "बरं जी."

"पाहा," रिंकी फोन छातीशी धरत म्हणाली, "आयकते तं बरोबर. बाकी डोकं कितीका असेना."