अव्वाच्या भुकेनं जेवणारे अण्णा

शुक्रवार पेठेतल्या आमच्या शेजारच्या सिद्रामअण्णांनी गेल्या दोन वर्षांत स्वतःच्या भुकेनं एक घासही खाल्लेला नाही. ते जेवतात ते आईच्या भुकेनं. आमच्याकडे जेवायला बसले, की तिसरी भाकरी मोडताना आमच्या हिला बजावतात, "वैनी, ही भूक माझी न्हाय, अव्वाची हाय. वाढा की!"

याला कारण त्यांची डॉक्टर भाची. मामाचं वजन बघून रागवायचं सोडून ती समजवायला गेली. "मामा, आई गरोदरपणी उपाशी राहिली, तर बाळाच्या जनुकांवर त्याच्या खुणा राहू शकतात. मेंदूत सेरोटोनिन असतं, पोट भरल्याची जाणीव व्हायला ते मदत करतं. त्यातही गडबड होऊ शकते. पण तुम्ही रोज चालायला जा." अण्णांनी चालायचं तेवढं गाळलं आणि बाकीचं पाठ केलं. बहात्तरच्या दुष्काळात अण्णा पोटात असताना अव्वा दुष्काळी कामावर अर्धपोटी खडी फोडत होत्या. मग काय, पुरावाच मिळाला!

घराच्याच पुढच्या खोलीत अण्णांचं भांड्यांचं दुकान आहे. पातेलं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हल्ली सेरोटोनिन ऐकूनच सुटतं. एका लग्नात अण्णा हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, चौथी वाटी घेत असताना वाढप्यानं विचारलं, "बास का अण्णा?" अण्णा म्हणाले, "मला काय इचारतो? मेंदूकडनं अजून कायबी कळलं न्हाय."

गेल्या महिन्यात मात्र अव्वांनी जेवण टाकलं. ताटावर बसायच्या आणि भाकरी हळूच अण्णांच्या ताटात सरकवायच्या. एका दुपारी माझ्यासमोरच अण्णांनी खोदून खोदून विचारलं. अव्वांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तू पोटात व्हतास तवा म्या तुला उपाशी ठिवलं. आता तुझ्या वाटचं कसं खाऊ, सांग?"

अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, शेंगाचटणी आणि दह्यात बुडवून अव्वांच्या तोंडापुढं धरला. "अव्वा, त्ये समदं झूट हाय. मी लई हावरट हाय, म्हणून खातो. इचार की ह्यास्नी!"

इतकी वर्षं मी त्यांच्यामागं हेच म्हणत आलो होतो. आता तोंडावर म्हणायची वेळ आली आणि मला भरून आलं. "व्हय अव्वा," मी म्हणालो, "लई हावरट." अव्वांनी तो घास खाल्ला.

आता कुणी वजनाचा विषय काढला, की अण्णा आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा बेतानं ओरडतात, "हावरट हाय वो मी!"

आणि आतून अव्वा कडाडतात, "कोन म्हनतंय माझ्या लेकराला हावरट?"