आमच्या नंदीचं लॉक

माझ्या हातून आजवर मुंगीसुद्धा मेलेली नाही! ही बढाई नाही, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. पहाटे अंघोळ, मग इष्टलिंगाची पूजा, मग दारातल्या लिंबाच्या बुडाशी मुंग्यांना साखर-पीठ, आणि त्यानंतरच पाण्याचा घोट. बावीस वर्षांत ह्यात एका दिवसाचा खंड नाही. त्यात गेल्या महाशिवरात्रीला मठात सगळ्यांसमोर मी आणखी एक व्रत घेतलं. वर्षभर कुणालाही टोचून बोलायचं नाही! काही झालं तरी नाही!

"महेश्वरी, तू तसंही कुठं बोलतीस?" आमचे हे म्हणाले. "तुझं ऐकायचं म्हणजे मला आधी टीव्ही बंद करावा लागतो."

शेजारच्या नीलमताई मात्र म्हणाल्या, "वर्ष लय मोठं असतंय, वहिनी."

मी नुसती हसले. मनात म्हटलं, बघाच!

आणि खरंच निभावलं की हो! दूधवाल्यानं पाणी घातलं, गप्प. नणंद दोन दिवसांसाठी आली आणि महिनाभर राहिली, गप्प. बघता बघता महाशिवरात्र उद्यावर आली. मठात महिला मंडळ शाल देऊन माझा सत्कार करणार होतं. अट एकच, स्वामींसमोर माइकवर स्वतःच्या तोंडानं सांगायचं, 'व्रत पूर्ण झालं.' शाल मोरपंखी रंगाची आहे हेही मला आतून कळलं होतं. तिच्यावर शोभेल अशी साडी मी इस्त्री करून ठेवली.

राहिला होता एक दिवस. फक्त एक! आणि त्याच दिवशी नंदी अडला.

नंदी म्हणजे माझी स्कूटी. दसऱ्याला घेतली. महादेवाचं वाहन नंदी, मग माझ्या वाहनाचं नाव दुसरं काय असणार? रोज सकाळी त्याच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, मुंग्यांच्या वाटीत उरलेली चिमूटभर साखर त्याला भरवायची आणि मगच किल्ली लावून बाजाराला निघायचं, असा माझा नेम.

गेले पंधरा दिवस त्याचं लॉक जड झालं होतं. किल्ली फिरवली की कर्र! जात्यात खडा आल्यासारखा आवाज.

"कोपऱ्यावरच्या जीवनला दाखव," हे म्हणाले.

एवढ्याशा लॉकसाठी मेकॅनिक? अहो, लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या घरातलं प्रत्येक कुरकुरणारं दार मी तेलानं गप्प केलंय! समईतलं तेल घेतलं, वात बुडवली आणि लॉकमध्ये सोडले चार थेंब. दुसऱ्या दिवशी किल्ली अर्धीच फिरली. म्हणजे तेल कमी पडलं! सोडले आणखी आठ थेंब.

तर त्या आदल्या दिवशी सकाळी किल्ली आत गेली आणि तिथंच बसली. डावीकडं जाईना, उजवीकडं जाईना, बाहेर येईना! मी ओढली. ह्यांनी ओढली. मग ह्यांनी गाडीला पाय लावून सगळा जीव एकवटून ओढली. किल्ली जागच्या जागी राहिली आणि हे जाऊन नालीत बसले!

आरडाओरडा ऐकून सासूबाई बाहेर आल्या. नागुबाई त्यांचं नाव. वय ऐंशी, पण नजर घारीची.

"आगं माय!" त्या किंचाळल्या. "हे पिवळं काय हाय गं?"

मी खाली पाहिलं. नंदीच्या दोन्ही चाकांभोवती हळदीचं रिंगण!

"करणी!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "करणी केली गं नंदीवर कुणीतरी! सोनपेठला आपल्या म्हशीभवती असंच रिंगण काढलं हुतं. म्हैस आटली!"

"आई, म्हैस म्हातारी झाली होती," हे नालीतून म्हणाले.

"तू गप बस! बसलास तिथंच बस!"

खरं सांगते, माझा करणीबिरणीवर विश्वास नाही. माझा सगळा भार महादेवावर. पण त्या क्षणी मला गेल्या आठवड्यातलं आठवलं. माझ्या आणि नीलमताईंच्या दारांच्या मधोमध नंदी उभा असतो. नीलमताई म्हणाल्या होत्या, "वहिनी, तुमचा नंदी जरा पल्याड लावा ना. न्हाईतर एक दिवस इथंच कायमचा बसंल."

इथंच! कायमचा! आणि आज पहाटेच्या अंधुक उजेडात ह्याच नीलमताई मुठीत काहीतरी घेऊन नंदीपाशी वाकल्या होत्या. मी स्वतः पाहिलं होतं!

नेमक्या तेवढ्यात त्या ओली चादर वाळत घालायला बाहेर आल्या. पुढं माझ्या तोंडून जे निघालं ते मी बोलले, असं मला आजही वाटत नाही.

"नीलमताई! माझ्या मुक्या नंदीवर करणी करायलात? तुमच्या भाकरीला जन्मात पापुद्रा न येवो! तुमच्या कुकरची शिट्टी पाहुण्यांदेखत अडकून बसो! तुमच्या चहात साखर न विरघळो! शेजारीण आहात की वैरीण?"

भाजीचा गाडा थांबला. लिंबावरचे कावळे उडाले. गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "ह्या महेश्वरीवहिनीच हायेत का?" हे नालीतून आपोआप उभे राहिले. नंतर मला म्हणाले, समोरच्या घरात टीव्ही मोठ्यानं चालू होता, तरी एक शब्द वाया गेला नाही!

नीलमताई हातातली चादर तशीच धरून ऐकत होत्या. एक अक्षर उलट बोलल्या नाहीत. दम घ्यायला मी थांबले, तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "झालं, वहिनी? हळद मीच टाकली. मुंग्यांसाठी. दहा-बारा दिवस झाले, तुमच्या गाडीतून मुंग्यांची रांग निघायलीय आणि थेट माझ्या साखरेच्या डब्यात जायलीय."

"गाडीत मुंग्या? गाडीत मुंग्यांचं काय काम?" मी विचारलं.

तोवर ह्यांनी फोन करून बोलावलेला जीवन पाना-पेचकस घेऊन आला होता. त्यानं पुढचं झाकण उघडलं, चार स्क्रू काढले, किल्लीसकट आख्खं लॉक बाहेर ओढलं आणि वर्तमानपत्रावर ठोकलं. ठक्! आतून करडा, चिकट लगदा पडला. डिंकाचा लाडू बिघडल्यावर दिसतो ना, अगदी तसा.

"काकू, तेल घातलं का ह्याच्यात?"

"थोडंसं."

"लॉकमधी तेल घालत नसतेत. शिसपेन्सिलची पूड घालतेत. पण निस्त्या तेलानं एवढं होत न्हाई. हे चिकट काय हाय?" त्यानं बोटावर घेतलं, वास घेतला आणि, शिव शिव शिव, जिभेला लावलं! "साखर!"

सगळ्यांनी नीलमताईंकडं पाहिलं. नीलमताईंनी माझ्याकडं पाहिलं.

"काकू, तुमी गाडीला साखर घालता?"

"घालत नाही. भरवते." माझा आवाज पुन्हा बारीक झाला होता. "चिमूटभर. तोंडात."

"स्कूटीला तोंड कुठं असतंय, काकू?"

त्यानं लॉक काढलं होतं त्या भोकाकडं मी बोट दाखवलं.

जीवननं लॉक पुन्हा ठोकलं. ह्या वेळी लगद्याबरोबर काळे-काळे दाणे पडले. मोहरीसारखे. मोहरीला पाय नसतात!

"घ्या," तो म्हणाला. "साखर खायाला ह्या आत जायच्या, आन तुमी वरून किल्ली घालून फिरवायच्या. रोज सकाळी एक घाणा! कर्र आवाज कशाचा यायलाय वाटलं तुमाला?"

कर्र! कर्र! पंधरा दिवस! मी पायरीवर मटकन बसले.

"आगं आयव," सासूबाई हळहळल्या, "जेवाया बोलवून मारल्यास की गं बिचाऱ्या!"

दुसऱ्या दिवशी मठ गच्च भरला होता. मंडळाच्या अध्यक्षबाई शालीची घडी मोडून तयार. माइक माझ्या हातात आला. समोर पहिल्या रांगेत नीलमताई! क्षणभर वाटलं, तीनच शब्द तर आहेत, म्हणून टाकावेत. पण समोर महादेव, शेजारी स्वामी.

"व्रत काल मोडलं," मी म्हणाले. "सकाळी साडेनऊला. आणि मुंग्यांचं तर त्याच्याही आधीपासून रोज मोडत होतं." मग सगळं सांगितलं. लोक हसता हसता खांबांना टेकले. अध्यक्षबाईंना शालीचं काय करावं कळेना, त्या ती पुन्हा घडी घालायला लागल्या.

स्वामींनी विचारलं, "ज्यांना बोललात, त्यांनी काय उत्तर दिलं?"

"काहीच नाही. ऐकून घेतलं."

"मग शाल त्यांना द्या."

आणि मोरपंखी शाल नीलमताईंच्या खांद्यावर गेली! वर त्यांच्या साडीवर ती माझ्या साडीपेक्षा जास्त शोभत होती. मी तिथल्या तिथं पुन्हा संकल्प सोडला. आजपासून पुढच्या शिवरात्रीपर्यंत टोचरा शब्द नाही! जीवननं रात्रीतून नवं लॉक बसवलं होतं, त्यामुळं परतताना नीलमताई माझ्याच मागं बसल्या.

"थंडी वाजली तर सांगा, वहिनी," त्या मागून म्हणाल्या. "शाल देते."

मी तेही गिळलं.

संध्याकाळी आरतीला पुन्हा मठात निघाले. नव्या लॉकमध्ये नवी किल्ली घातली. आत जाईना! वाकून बघते तर भोक काठोकाठ भरलेलं. तपकिरी, चकचकीत.

"नंदीला कुणी काही घातलं का?" मी विचारलं.

ओट्यावर सासूबाई पदराला बोटं पुसत बसल्या होत्या. "तू साखर बंद केलीस की गं. मुका जीव, सणाच्या दिवशी उपाशी कसा ठेवावा? म्हून जरासक गूळ भरवला. उपासाला चालतोय."

मी तोंड उघडलं. पलीकडच्या दारात नीलमताई मोरपंखी शाल पांघरून उभ्या होत्या. मन लावून बघत होत्या. व्रताला नुकते सहा तास झाले होते.

मी तोंड मिटलं आणि मठाकडं पायी निघाले. एकेक पाऊल, खाली बघून.