उचलण्याचं ठीक, टाकण्याचं काय?

"वस्तू ठेवायची असते रे, टाकायची न्हाय," गुणाजी वस्ताद दहाव्यांदा म्हणाले. "व्हडीवर नांगर असा टाकला असतास, तर तांडेलानं नांगराच्या जागी तुलाच सोडला असता."

चंदर घाम पुसत हसला. मुंबईच्या गोदीत चार वर्षं काढून तो आगरदांड्याला परतला होता आणि येताना एक लांब लोखंडी कांब व तिच्या दोन्ही टोकांना अडकवायच्या चकत्यांची रास घेऊन आला होता. "वस्ताद, ऑलिंपिकात असंच असतं. जमिनीवरनं खांद्यावर, खांद्यावरनं डोक्यावर, आनि मंग सोडून द्यायचं. ठेवाया गेलं तर कंबर जाते."

"मंग जड उचलायचंच कशाला?" वस्ताद म्हणाले. चंदरनं पुन्हा कांबीला हात घातला.

गुणाजींची व्यायामशाळा म्हणजे हमदुल्लाभाईंच्या तांदळाच्या वखारीची माडी. महिना आठ आण्यांत जोर, बैठका, जड लाकडी करेल फिरवणं आणि वस्तादांची बोलणी, एवढं सगळं मिळायचं. पंचवीस वर्षं तांडेल म्हणून होडी चालवलेल्या या माणसाला जड वस्तू आपटलेली मुळीच खपत नसे. चंदरची ही उचलाउचल त्यांना मनातून अजिबात पटत नव्हती. पण तिच्या नादानं सात नवी पोरं आली होती, आणि जुन्यांपैकी निम्मी लग्नं होऊन सुटलेल्या पोटांची झाली होती. तेव्हा वस्ताद कुरकुरत का होईना, चालवून घेत होते.

त्या वर्षी रमजान वैशाखात आला. संध्याकाळी समुद्राचा वारा एवढा सुटायचा की मशिदीतली अजान धक्क्याकडच्या घरांपर्यंत पोचतच नसे. म्हणून सूर्य बुडाला की मशिदीची झाडलोट करणारा मोहम्मद अंगणात दारू ठासलेली लोखंडी उखळी उडवायचा आणि तिचा आवाज ऐकून सगळे रोजा सोडायचे. वर्षानुवर्षं हे बिनचूक चाललं होतं.

एका शुक्रवारी संध्याकाळी चंदरनं दोनशे पौंड डोक्यावर नेले आणि सोडून दिले. हंगाम संपल्यामुळे खालची वखार रिकामी होती, वर सागाच्या जाड फळ्या. म्हणजे आख्खी इमारत एक ढोलच. असा काही दणका झाला की शेजारच्या हमदुल्लाभाईंनी "बिस्मिल्ला" म्हणून खजूर तोंडात टाकला. त्यांच्या पाठोपाठ ओळीनं अकरा घरांनी टाकला. बारा मिनिटांनी खरी उखळी उडाली, तेव्हा अकराही घरांतले लोक हातातली भजी तशीच धरून एकमेकांकडे बघत राहिले.

थोड्याच वेळात हमदुल्लाभाई जिना चढून आले. माणूस शांत, म्हणून जास्त भीती वाटली. "गुणाजी, माझ्या घरातले पाच रोजे गेले. त्यात सासूबाईंचा पण. चाळीस वर्षांत त्यांनी एक चुकवला नव्हता. ईद झाली की सगळ्यांना भरून काढायला लागणार. आता एक तर ही उचलाउचल राहील, नाहीतर तुझी व्यायामशाळा."

आंधळा मागतो एक डोळा, तशी वस्तादांची गत झाली. त्यांनी लगेच दारावर खडूनं लिहिलं, 'वजन डोक्यावर नेऊन टाकणे बंद.' मग हमदुल्लाभाईंच्या सासूबाई सफुराबींची माफी मागायला स्वतः गेले. सफुराबी पडद्याआडून एवढंच म्हणाल्या, "आवाज बाकी झ्याक होता."

प्रकरण इथे मिटायचं. पण पुन्हा घोटाळा नको म्हणून हमदुल्लाभाईंनी मोहम्मदला दारू दुप्पट ठासायला सांगितली. दुसऱ्या संध्याकाळचा आवाज खाडीपलीकडे दिघीला ऐकू गेला, आणि उखळी काठापासून बुडापर्यंत उभी चिरली. नशीब, कुणाला लागलं नाही. नवी उखळी मुंबईहून बोटीनं यायला चार दिवस लागणार होते.

सकाळी हमदुल्लाभाई पुन्हा जिना चढून आले. बराच वेळ टोपी नीट करत बसले. "गुणाजी, ती उचलाउचल..."

"बंद केली, भाई. कायमची."

"तेच म्हणतो. चार दिवस सुरू कर. रोज एकच दणका, पण माझ्या घड्याळाबरहुकूम."

गुणाजींनी चंदरला बोलावलं. चंदर दारावरचं खडूचं अक्षर सावकाश वाचून म्हणाला, "बंदी हाय ना, वस्ताद? मी काय नियम मोडनार न्हाय."

"चार दिवस उठवली."

"उठवायची तर कायमची."

वस्तादांच्या मिशा थरथरल्या. "अडलंय कुनाचं? तुज्या कांबीपरास जड नांगर मी पंचवीस वरसं उचललेत. व्हय बाजूला."

संध्याकाळी माडीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. हमदुल्लाभाई हातात घड्याळ घेऊन खिडकीत उभे. धक्क्यापर्यंत घराघरांतून माणसं ताटापुढे कान टवकारून बसलेली. गुणाजींनी लंगोट कसला आणि कांबीला हात घातला. पहिल्यांदा ती गुडघ्यापर्यंत आली आणि परत गेली. दुसऱ्यांदा खांद्यावर आली. चंदर कोपऱ्यातून हळूच म्हणाला, "पाय फाकवा, वस्ताद." वस्तादांनी ऐकलं नाहीसं दाखवून पाय फाकवले, आणि कांब डोक्यावर गेली.

"अजून अर्धं मिनिट," हमदुल्लाभाई म्हणाले.

गुणाजींचे हात लटपटू लागले, डोळे बाहेर आले, पण कांब वरच राहिली. पंचावन्न वर्षांचा माणूस अर्धं मिनिट सबंध मोहल्ल्याची भूक डोक्यावर घेऊन उभा होता.

"आता," हमदुल्लाभाई म्हणाले.

वस्तादांनी कांब खांद्यावर घेतली, मांड्यांवर आणली, गुडघे वाकवले आणि इतकी अलगद खाली ठेवली की फळीसुद्धा कुरकुरली नाही. मग अभिमानानं सगळ्यांकडे पाहिलं.

रस्त्यावरून कुणीतरी विचारलं, "झाली का वेळ?"

"गुणाजी," हमदुल्लाभाई घड्याळावरची नजर न काढता म्हणाले, "ती टाकायची होती."

वस्ताद कानापर्यंत लाल झाले. तसेच पुन्हा वाकले. या वेळी कांब खांद्यावरून निघून कपाळापर्यंत आली आणि हातांनी साफ नकार दिला. वस्तादांनी मागे उडी मारली. वखार गदगदून वाजली, आणि समुद्राकाठच्या सगळ्या घरांतून खजूर तोंडात गेले.

हमदुल्लाभाईंनी एक खजूर गुणाजींपुढेही धरला. त्यांचं लक्षच नव्हतं. ते फळीवर डुलणाऱ्या कांबीकडे बघत होते. जन्मभर त्यांनी प्रत्येक ओझं जपून, दम रोखून खाली ठेवलं होतं. ओझं सोडून दिल्यावर माणसाला एवढं बरं वाटतं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"चंदर," ते म्हणाले, "चकत्या नीट बसव."

"आता कशाला, वस्ताद? सगळ्यांचा रोजा सुटला."

"त्यांचा सुटला," तळहातांना माती चोळत गुणाजी म्हणाले, "माजा कुठं सुटलाय?"