हृदय बंद न करणारे परकार सर

आमचे परकार सर नववीला हृदय शिकवतात तेव्हा अख्खा वर्ग चपला बाहेर काढतो. टेबलावर एक छापील कार्ड ठेवायचं, त्यावर शाळेचा टॅब धरायचा, की पडद्यावर त्या कार्डातून फणसाएवढं हृदय उठतं आणि धडधडू लागतं. मिरकरवाड्याच्या बंदरावर ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं.

"बिस्मिल्लाह करा आणि बघा," सर सांगतात. "ह्याला चावी कोणी दिली? मी? ही अल्लाहची अमानत. सांभाळायला दिलेली वस्तू. तंबाखूनं जाळून परत करणार काय रे?"

इथवर माझी तक्रार नाही. त्या तासानंतर निम्म्या गावानं मिश्री सोडली, ही बातमी मीच पसरवली आहे.

संताप पुढचा आहे. शाळेत टॅब एकच. सकाळी त्यांचं जीवशास्त्र, दुपारी माझा भूगोल. आणि हा गृहस्थ तास संपला तरी हृदय बंद करत नाही. तसंच धडधडतं कपाटात ठेवतो. दुपारी माझ्या हाती येतो तो बॅटरी संपलेला दगड. वर्षभरात माझा ज्वालामुखी एकदाही पेटलेला नाही.

बाहेर नळ ठिबकला, तर हेच सर पोरांना सुनावणार, "वाहत्या नदीवर नमाजाआधी वजूला हातपाय धुतलेत तरी पाणी जपून. नासाडी अल्लाहला पसंत नाय."

"आणि बॅटरीची नासाडी पसंत आहे काय ओ?" मी एकदा विचारलंच.

"जोशी सर, जे आपण चालू केलं नाय, ते बंद करायचा आपल्याला हक नाय."

"अहो, तुम्हीच चालू केलंत. माझ्यादेखत बटण दाबून."

परवा मात्र माझं डोकं फिरलं. तास संपता संपता वर्गात शिरलो, टॅब ओढला आणि 'बंद' दाबलं. हृदय थांबलं.

मला वाटलं, आता कोकणातला सगळा जांभा माझ्या डोक्यात पडणार. सर नुसते बाहेर गेले आणि चपला घातल्या, त्याही उलट्या पायांत.

व्हरांड्यात गाठून म्हटलं, "अहो, चित्र होतं ते."

"माहीत आहे ओ. आमची रझिया गेली तेव्हा मशीनवर असंच थांबलं. डॉक्टरांनी मला विचारून बटण बंद केलं." मग म्हणाले, "पोरांसमोर नको."

चार वर्षांपूर्वी रझियाभाभी गेल्या, हे मला माहीत होतं. हे नव्हतं.

आता कपाटात टॅबला चार्जर मीच लावून ठेवतो. भूगोल खडूनं शिकवतो. माझ्या ज्वालामुखीचा धूर फळ्याबाहेर जातो, नववीला विचारा. कपाटातून धडधड येत असते. बंद करायला माझाही हात धजत नाही.